दिल्या शब्दाला जागलेला कर्णधार



कोल्हापूरच्या या व्याख्यानमालेसाठी विषय निवडण्याची मोकळीक तुम्ही मला दिलीत. मी निवडलेला माणूस तुमच्या पेठेतला नाही, महाराष्ट्रातलाही नाही. नागालँडच्या मोकोकचुंग जिल्ह्यात डोंगरावर चांगकी नावाचे गाव आहे. त्या गावचा हा मुलगा. नाव तालिमेरेन आओ. आओ हे तिथल्या नागा जमातीचे नाव, आणि तेच त्याचे आडनाव झाले. स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला, तेव्हा त्या संघाचा तो कर्णधार होता.

इतक्या लांबच्या माणसाची गोष्ट कोल्हापुरात कशासाठी, असे कुणाच्या मनात येईल. मला वाटते, ही गोष्ट सांगायला महाराष्ट्रात यापेक्षा योग्य गाव नाही. इथे फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. ज्या तालमीत पहाटे जोर-बैठका निघायच्या, तिच्याच नावाने संघ मैदानात उतरू लागला. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे संघ समोरासमोर आले की ईर्ष्या काय असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. एखाद्या जुन्या खेळाडूचे नाव काढा, कट्ट्यावर बसलेला म्हातारा माणूस त्याने कोणत्या पायाने, कोणत्या कोपऱ्यात गोल मारला ते सांगेल. एखादे गाव आपल्या खेळाडूला उराशी धरते म्हणजे काय करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून एका गावाने, आणि पुढे एका अख्ख्या राज्याने, आपल्या खेळाडूला का आणि कसे जपले, ते तुमच्यासमोर ठेवावेसे वाटले.

सुरुवात एका तारखेपासून करतो. २९ जुलै १९४८. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ऑलिंपिकचे उद्घाटन होते. महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ चे ऑलिंपिक झालेच नव्हते. इंग्लंडमध्ये अजून रेशनिंग चालू होते. खेळाडूंसाठी नवे क्रीडाग्राम बांधायला पैसे नव्हते, म्हणून त्यांची सोय लष्करी छावण्यांत आणि महाविद्यालयांच्या वसतिगृहांत केली होती. त्या दिवशी संचलनात भारताचा संघ आला. आपल्या स्वातंत्र्याला अजून एक वर्षही पुरे झाले नव्हते. तिरंगा हातात घेऊन सर्वांत पुढे चालत होता तीस वर्षांचा तालिमेरेन आओ.

त्याच भारतीय पथकात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव होते. त्यांच्या प्रवासाला कोल्हापूरच्या महाराजांचा हातभार लागला होता, हे या सभागृहात सर्वांना माहीत आहे. खाशाबा त्या वर्षी सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. त्यांची मिरवणूक आपल्याकडे अजून आठवली जाते. पण १९४८ साली ज्याच्या हातातल्या झेंड्यामागे ते पथक चालले, त्याचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले नाही.

२९ जुलै या तारखेला आणखी एक अर्थ आहे. १९११ साली याच दिवशी कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली होती. मोहन बागानच्या अकरा जणांपैकी दहा अनवाणी खेळले. बूट होते ते फक्त रेव्हरंड सुधीर चॅटर्जी यांच्या पायात. सदतीस वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच क्लबचा एक खेळाडू देशाचा झेंडा घेऊन इंग्रजांच्या राजधानीत, लंडनमध्ये उभा राहिला. तो एका धर्मोपदेशकाचा मुलगा.

आता आपण त्या मुलाच्या गावी जाऊ.

२८ जानेवारी १९१८ रोजी चांगकीत तालिमेरेनचा जन्म झाला. तो भाग तेव्हा आसाम प्रांतातल्या नागा हिल्स जिल्ह्यात मोडत असे. वडील रेव्हरंड सुबोंगवाती बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. बारा भावंडांतला हा चौथा. आओ नागांच्या मुलखात अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचे मुख्य ठाणे इम्पूरला होते. वडिलांच्या कामामुळे कुटुंब तिथे राहायला गेले. मिशनच्या आवारात शाळा होती आणि एक मैदान होते. चेंडू विकत घ्यावा अशी परिस्थिती नव्हती. मुलांनी चिंध्या गुंडाळून चेंडू बनवला. त्या चिंध्यांच्या चेंडूवर तालिमेरेनचा पाय बसला. चिंध्यांचा चेंडू उसळत नाही, आपणहून घरंगळत नाही. तो पायाजवळ ठेवून न्यावा लागतो. पुढे कलकत्त्यात लोकांनी ज्याच्या चेंडूवरच्या ताब्याचे कौतुक केले, त्याची पहिली शाळा ती होती.

१९३५ साली विषमज्वराने वडील गेले. तालिमेरेन तेव्हा सतरा वर्षांचा. जाण्यापूर्वी वडिलांनी एक इच्छा बोलून दाखवली होती : या मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या माणसांची सेवा करावी. त्या काळात नागा टेकड्यांमध्ये शिकलेला डॉक्टर ही विरळ गोष्ट होती. विषमज्वराला आज आपण गोळ्या घेतो आणि दोन-तीन आठवड्यांत उठून बसतो. तेव्हा त्यावर प्रतिजैविके नव्हती. ज्या आजाराने वडील गेले, तसल्या आजारांशी झुंजायला मुलाने तयार व्हावे, असा तो निरोप होता. मुलाने तो शब्द मानला. या माणसाचे सगळे आयुष्य या एका शब्दाभोवती फिरते. फुटबॉलही त्या वाटेवर त्याला भेटलेला आहे.

जोरहाटच्या शाळेतून तो गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात गेला. तिथे अभ्यासाबरोबर त्याच्यातला खेळाडूही फुलला. तो धावपटू होता, व्हॉलीबॉल खेळायचा, आणि फुटबॉलमध्ये तर त्याला तोड नव्हती. गुवाहाटीच्या महाराणा क्लबकडून तो खेळू लागला. तिथे त्याची शरत दास या खेळाडूशी मैत्री झाली. या मैत्रीने पुढचे दार उघडले. वैद्यकीय शिक्षणासाठी तालिमेरेन कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात दाखल झाला. हेच कॉलेज १९४८ पासून आर. जी. कर मेडिकल कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. शरत दास तोवर मोहन बागानमध्ये होता. त्याने मित्राला क्लबात नेले आणि १९४३ साली तालिमेरेनने हिरवी-किरमिजी जर्सी अंगात घातली.

ते वर्ष डोळ्यांसमोर आणा. १९४३ चा कलकत्ता. बंगालचा दुष्काळ पडलेला. खेड्यांतून माणसे अन्नासाठी शहरात येत होती आणि फुटपाथवर मरत होती. पुढच्या वर्षी, एप्रिल ते जून १९४४, जपानी आणि ब्रिटिश फौजांची मोठी लढाई तालिमेरेनच्या मुलखात, कोहिमाला झाली. अशा दिवसांत टेकड्यांतला एक तरुण सकाळी शरीरशास्त्राची पुस्तके वाचत होता आणि संध्याकाळी मैदानावर हजारो बंगाली प्रेक्षकांसमोर खेळत होता. कलकत्त्याचा प्रेक्षक कसा, हे फुटबॉलवाल्यांना सांगायला नको. चुकलेला पास तो विसरत नाही आणि चांगला पासही विसरत नाही. त्या प्रेक्षकाने या नागा मुलाला आपला म्हटले. क्लबने त्याला कर्णधार केले.

उंचापुरा, मजबूत बांध्याचा, पण अंगाने लवचीक. जागा हाफबॅकची. आपल्या पेठेतल्या मुलांना हाफबॅकचे दुखणे ठाऊक आहे. गोल मारणाऱ्याचा फोटो छापून येतो, गोल अडवणाऱ्या गोलकीपरचाही येतो. मधल्या फळीत नव्वद मिनिटे पळणाऱ्याच्या वाट्याला फोटो येत नाही. समोरच्याचा चेंडू काढून घ्यायचा आणि आपल्या माणसाला द्यायचा, एवढेच त्याचे काम. ते काम तालिमेरेन इतके चोख करायचा की १९४८ च्या ऑलिंपिक संघाची धुरा त्याच्याकडे आली. संघाचे प्रशिक्षक होते बलाईदास चॅटर्जी, तेही मोहन बागानचेच.

सामना ३१ जुलै १९४८ रोजी, शनिवारी, लंडनच्या पूर्वेला इलफर्डच्या क्रिकलफील्ड मैदानावर झाला. समोर फ्रान्स. प्रेक्षक सुमारे सतरा हजार. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. काहींनी पायांना पट्ट्या बांधल्या होत्या. इंग्रज प्रेक्षकांना हा अचंबाच होता. तिसाव्या मिनिटाला फ्रान्सच्या कूर्बँने गोल केला. भारताने सामना सोडला नाही. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या. एक शैलेन मन्नांनी घेतली, दुसरी महावीर प्रसाद यांनी. दोन्ही वाया गेल्या. सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामनने बरोबरी साधली. ऑलिंपिक फुटबॉलमधला तो भारताचा पहिला गोल. सामना बरोबरीकडे झुकला होता. एकोणनव्वदाव्या मिनिटाला पेर्सियोंने गोल मारला आणि फ्रान्स २-१ ने जिंकले. एका मिनिटाने हरणे म्हणजे काय, हे ज्याने फायनलला शेवटच्या क्षणी गोल खाल्ला आहे त्यालाच कळेल.

तरीही त्या दिवशी मैदान सोडताना या संघाला टाळ्या मिळाल्या. बूट का घालत नाही, असे एका वार्ताहराने विचारले तेव्हा कर्णधाराने दिलेले उत्तर भारतभर सांगितले जाते. आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल खेळता, असे तालिमेरेन म्हणाला. त्या उत्तरात उर्मटपणा नव्हता. १९११ पासून कलकत्त्याच्या मैदानावर अनवाणी खेळणाऱ्या पिढ्यांचा अभिमान त्यात होता. पुढे १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले आणि त्यानंतर आपल्या महासंघाने बूट सक्तीचे केले. खेळ बदलला होता आणि बदल स्वीकारायलाच हवा होता. पण इलफर्डच्या त्या दुपारी अनवाणी पायांनी बुटांना एकोणनव्वद मिनिटे थोपवून धरले होते, हेही तितकेच खरे आहे.

ऑलिंपिकनंतर संघाने युरोपात काही सामने खेळले. ॲमस्टरडॅमला आयाक्स क्लबला आपल्या संघाने ५-१ असे हरवले. ज्या आयाक्सने पुढे युरोपला फुटबॉल शिकवला, तो हा क्लब. आर्सेनलने तालिमेरेनला आपल्याकडे खेळायला बोलावले होते, असे त्याच्या मुलखात अभिमानाने सांगतात. तो गेला नाही. का गेला नाही, याचे उत्तर त्याच्या वसतिगृहातल्या टेबलावर होते. तिथे वैद्यकाची पुस्तके उघडी होती आणि परीक्षा राहिली होती. वडील जाऊन तेरा वर्षे झाली होती. शब्द अजून पुरा व्हायचा होता.

इथे मला एका नाजूक गोष्टीबद्दल बोलायचे आहे. १४ ऑगस्ट १९४७ रोजी, भारताच्या स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, नागा नॅशनल कौन्सिलने नागांचे स्वातंत्र्य जाहीर केले होते. म्हणजे तालिमेरेनने वेम्बलीला तिरंगा धरला, त्याच्या आदल्याच वर्षी त्याच्या डोंगरात एक मोठा प्रश्न उभा राहिला होता. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे सशस्त्र संघर्ष पेटला. १९५८ साली लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदा आला. त्या काळात तिथल्या सामान्य माणसांनी जे सोसले, त्याची पुरती जाणीव आपल्याला, इथे दख्खनच्या पठारावर राहणाऱ्यांना, आजही नाही. ती करून घेतल्याशिवाय या माणसाचे पुढचे आयुष्य समजणार नाही. १९५० साली तालिमेरेन एम.बी.बी.एस. झाला. खेळ अजून अंगात होता, कलकत्त्यात नाव होते. त्याने बूट म्हणा, पट्ट्या म्हणा, बाजूला ठेवल्या आणि तो घराच्या दिशेने निघाला.

इथवर मी त्याला ‘तो’ म्हटले. खेळाडूला आपण एकेरीतच हाक मारतो, त्यात आपुलकी असते. इथून पुढे मी त्यांना डॉक्टर म्हणेन.

डॉक्टर आओ १९५० च्या दशकात कोहिमाला सरकारी रुग्णालयात सहायक सिव्हिल सर्जन म्हणून रुजू झाले. डोंगराळ प्रदेश, रस्ते थोडे, गावे टेकड्यांच्या माथ्यावर, पावसाळा लांबलचक. त्यात वर सांगितलेले संघर्षाचे दिवस. अशा ठिकाणी डॉक्टरकी म्हणजे हाफबॅकचेच काम. सारा वेळ पळायचे, समोरून येणारे अडवायचे आणि त्याचा गाजावाजा करायचा नाही. दारात आलेला रुग्ण कोणत्या बाजूचा, हे डॉक्टर विचारत नाही. १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड हे भारताचे सोळावे राज्य झाले. त्याच वर्षी डॉक्टर आओंकडे आरोग्यसेवेच्या संचालकपदाची जबाबदारी आली. नव्या राज्याची आरोग्यव्यवस्था जवळजवळ मुळापासून उभारायची होती. १९७८ साली ते निवृत्त झाले. ज्या मुलखात आपला मुलगा डॉक्टर व्हावा म्हणून एका बापाने मरताना इच्छा धरली होती, त्या मुलखाच्या सगळ्या दवाखान्यांची काळजी त्या मुलाने वर्षानुवर्षे वाहिली. १३ सप्टेंबर १९९८ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, डॉक्टरांचे निधन झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्यांच्या माणसांनी त्यांना कसे जपले?

२००९ पासून ईशान्येच्या राज्यांमध्ये डॉ. टी. आओ यांच्या नावाने फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. ज्या राज्यांमध्ये सीमांचे, जमातींचे, भाषांचे अनेक वाद आहेत, त्यांचे मुलगे एका चषकासाठी एका मैदानावर येतात आणि त्या चषकावर नाव असते चांगकीच्या मुलाचे. गुवाहाटीच्या कॉटनमध्ये त्यांच्या नावाचे क्रीडागृह आहे. मोहन बागानने त्यांना मरणोत्तर ‘मोहन बागान रत्न’ हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. हा सन्मान क्लब दरवर्षी २९ जुलैला देतो, १९११ च्या विजयाच्या दिवशी. तीच तारीख, ज्या तारखेला त्यांनी वेम्बलीला झेंडा धरला होता. २०१८ साली त्यांची जन्मशताब्दी झाली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. हयात असताना मात्र देशपातळीवरचा एकही मोठा क्रीडा सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. खाशाबांनाही अर्जुन पुरस्कार मरणानंतरच मिळाला, हे आपण विसरलेलो नाही. दिल्लीला उशीर होतो, गावाला होत नाही.

मित्रहो, हिशेब केला तर ऑलिंपिकमध्ये हा माणूस एकच सामना खेळला आणि तोही हरला. पदक नाही, विक्रम नाही. तरी सत्तर वर्षांनी त्याच्या नावाचे तिकीट निघते, चषक खेळला जातो. माझे मत स्पष्ट आहे. गाव आपल्या खेळाडूला नुसत्या विजयासाठी लक्षात ठेवत नाही. विजयाचे कौतुक पुढच्या हंगामापर्यंत टिकते. जो बाहेर जाऊन नाव मिळवतो आणि मिळवलेले सगळे घेऊन गावाच्या कामी येतो, त्याला गाव पिढ्यान्‌पिढ्या घरातला मानते. नागा मुलांना तालिमेरेन आओ दोन गोष्टींसाठी सांगितला जातो : तो देशाचा कर्णधार होता आणि तो परत आला. दुसरी गोष्ट नसती, तर पहिली एव्हाना कागदावरच राहिली असती.

इथे बरेच तरुण खेळाडू बसले आहेत. आपल्या शहराचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. तुमच्यापैकी आणखी कुणी उद्या जाईल. पण खेळापायी शाळा सुटलेली, पायाला दुखापत झाली आणि पुढे काहीच उरले नाही अशी मुलेही प्रत्येक तालमीच्या आसपास दिसतात. त्यांच्यासाठी डॉक्टर आओंचे आयुष्य सांगत राहा. मैदान आणि पुस्तक यांच्यात एकाला टाकून दुसरे धरावे लागते, हा समज त्यांनी मोहन बागानच्या कर्णधारपदी बसून खोटा ठरवला. पालकांनीही हे ऐकावे आणि मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनीही. आपल्या संघातला कुठला मुलगा दहावीला आहे आणि कुणाची फी भरायची राहिली आहे, हे मंडळाला सामन्याच्या वेळापत्रकाइतकेच माहीत असायला हवे.

आणि शेवटची एक विनंती, सगळ्यांनाच. तालिमेरेन आओंची जन्मतारीख, वडिलांची शेवटची इच्छा, चिंध्यांचा चेंडू, हे सारे आज आपल्याला कळते, कारण त्यांच्या माणसांनी ते सांगत ठेवले, लिहून ठेवले. आपल्या पेठांमध्ये पहिल्या पिढीत खेळलेली, आज ऐंशी-नव्वदीला आलेली माणसे अजून आहेत. त्यांच्या घरी जा. वही-पेन घेऊन बसा. सामना कुठल्या साली झाला, समोर कोण होते, चेंडू कुठून आणला, घरचे काय म्हणाले, खेळ थांबल्यावर पोटासाठी काय केले, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेत तुमच्यापैकी कुणीतरी ती वही घेऊन इथे उभे राहावे, आणि आम्ही समोर बसून ऐकावे.